अमेरिकेत तिकीट कोण देतं?

२०२४च्या जुलैमध्ये जो बायडेन यांनी माघार घेतली आणि पंधरवड्यात कमला हॅरिस डेमोक्रॅटिक पक्षाच्या उमेदवार झाल्या. तेव्हा अनेकांनी विचारलं, प्रायमऱ्या जिंकल्या बायडेन यांनी, मग तिकीट हॅरिस यांना कसं? मतदारांचा कौल पक्षाने परस्पर फिरवला का? प्रश्न रास्त आहे. पण प्रायमरीत, म्हणजे पक्षाच्या उमेदवारनिवडीच्या मतदानात, मतदार नेमकं काय निवडतो, हेच आपल्याकडे नीट माहीत नसतं.

आपल्याकडे तिकीट म्हणजे एबी फॉर्म. पक्षश्रेष्ठींनी दिलेला तो कागद शेवटच्या दिवशी दुपारी तीनच्या आत निवडणूक अधिकाऱ्याकडे पोचला की विषय संपला. त्यामुळे अमेरिकेकडे बघताना कुणी म्हणतं, तिथेही वरूनच ठरतं, मतदान नुसता देखावा. कुणी म्हणतं, तिथे जनताच थेट उमेदवार ठरवते. दोन्ही चूक. प्रायमरीतल्या मतांवरून त्या राज्यातून कोणाच्या बाजूचे किती प्रतिनिधी, म्हणजे डेलिगेट, जाणार हे ठरतं. हे प्रतिनिधी उन्हाळ्यात पक्षाच्या राष्ट्रीय अधिवेशनात मत देतात. निम्म्याहून अधिक ज्याच्याकडे, तो उमेदवार.

हे सगळं अमेरिकेच्या घटनेत लिहिलेलं आहे, असंही समजलं जातं. घटनेत राजकीय पक्षांचा उल्लेखसुद्धा नाही. प्रायमरी उभी आहे ती राज्यांच्या कायद्यांवर आणि पक्षांच्या नियमांवर, आणि तिला खरं वजन आलं ते अगदी अलीकडे. १९१२ साली थिओडोर रूझवेल्ट यांनी रिपब्लिकन पक्षाच्या बहुतेक प्रायमऱ्या जिंकल्या, तरी अधिवेशनाने उमेदवारी दिली विल्यम टाफ्ट यांना. १९६८ साली तर ह्यूबर्ट हम्फ्री एकही प्रायमरी न लढता डेमोक्रॅटिक उमेदवार झाले, कारण बहुतेक राज्यांतले प्रतिनिधी पक्षाच्या पुढाऱ्यांच्या मुठीत होते. व्हिएतनाम युद्धाविरुद्ध मत देणाऱ्या तरुणांना ते सहन झालं नाही. शिकागोत आत अधिवेशन चालू होतं आणि बाहेर पोलिसांच्या लाठ्या. त्या लाजिरवाण्या आठवड्यानंतर पक्षाने सुधारणा समिती नेमली, आणि १९७२पासून उमेदवारीची चावी खऱ्या अर्थाने मतदारांच्या हाती आली. ती मागून मिळालेली नाही, भांडून मिळवलेली आहे, म्हणून तिला देखावा म्हटलेलं मला पटत नाही.

‘मत फक्त पक्षाचे कार्यकर्ते देतात.’ हा गैरसमज ‘पक्षनोंदणी’ या शब्दामुळे होतो. अमेरिकेत अनेक राज्यांत मतदार म्हणून नाव नोंदवतानाच सरकारी फॉर्मवर आपण कोणत्या पक्षाचे ते लिहायचं असतं. वर्गणी नाही, पावती नाही, आणि पक्ष तुम्हाला नाकारूही शकत नाही. न्यूयॉर्कसारख्या राज्यात ज्या पक्षाची नोंद, त्याच पक्षाच्या प्रायमरीत मत. मिशिगनमध्ये अशी नोंदच नसते. मतदानाच्या दिवशी कोणत्याही एका पक्षाची मतपत्रिका मागावी. न्यूयॉर्कचा नियम किती कडक, ते २०१६ साली जगाने पाहिलं. डोनाल्ड ट्रम्प यांची मुलं इव्हांका आणि एरिक यांनी मुदतीत रिपब्लिकन म्हणून नोंद केली नव्हती, म्हणून वडिलांनाच मत देता आलं नाही.

काही राज्यांत प्रायमरीऐवजी कॉकस होतो. आयोवातला डेमोक्रॅटिक कॉकस २०२०पर्यंत कसा चालायचा, ते डोळ्यांसमोर आणा. बर्फाळ संध्याकाळ, शाळेचं जिमखाना सभागृह, आणि शेजारीपाजारी आपापल्या उमेदवाराच्या कोपऱ्यात जाऊन उभे. डोकी मोजायची. बहुतेक ठिकाणी पंधरा टक्के जमले नाहीत तर तो गट बाद, आणि त्यातल्या लोकांना वळवायला बाकीचे कोपरे धावायचे. गुप्त मतदान नाहीच. तुम्ही कुठे उभे आहात ते घरमालकापासून सगळ्यांना दिसायचं.

मग ‘सर्वांत जास्त मतं, तो जिंकला’ एवढं तरी खरं ना? तेही नाही. डेमोक्रॅटिक पक्ष प्रतिनिधी मतांच्या प्रमाणात वाटतो, पण पंधरा टक्क्यांच्या खाली राहिलात तर हाती काही नाही. रिपब्लिकन पक्षात राज्यागणिक नियम वेगळे. २०२४ साली कॅलिफोर्नियात ट्रम्प यांनी निम्म्याहून अधिक मतं घेतली आणि तिथले सगळे १६९ प्रतिनिधी त्यांना मिळाले. त्यांच्या प्रतिस्पर्धी निक्की हेली यांना लाखो मतांवर एकही नाही.

तारखाही एक नसतात, आणि खरा अन्याय मला इथेच दिसतो. २०२४ साली १२ मार्चलाच बायडेन आणि ट्रम्प दोघांनीही बहुमताचा आकडा गाठला. न्यू जर्सीत, जिथे मराठी कुटुंबं पुष्कळ, मतदान होतं ४ जूनला. आणि तिथल्या आपल्या नातलगांपैकी मत फक्त नागरिकांना; ग्रीन कार्ड पुरत नाही.

आता हॅरिस यांच्याकडे येऊ. बायडेन यांच्या बाजूचे प्रतिनिधी ते बाजूला झाल्यावर मोकळे झाले. उमेदवार व्हायचं तर किमान ३०० प्रतिनिधींच्या सह्या लागणार होत्या. त्या फक्त हॅरिस यांनी मिळवल्या, आणि ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात ऑनलाइन मतदानात त्या निवडून आल्या. मतदारांना पुन्हा विचारलं गेलं नाही, ही तक्रार खरी आहे. नियम मोडले, हा आरोप मात्र टिकत नाही.

आणि प्रायमरी फक्त राष्ट्राध्यक्षपदासाठी असते असंही नाही. बेळगावात वाढलेले श्री ठाणेदार २०१८ साली मिशिगनच्या गव्हर्नरपदाच्या प्रायमरीत हरले. २०२२च्या ऑगस्टमध्ये डेट्रॉइटच्या भागातून संसदेसाठी नऊ डेमोक्रॅट उमेदवार उभे होते. तीस टक्क्यांहूनही कमी मतं घेऊन ठाणेदार त्यात पहिले आले. तो भाग डेमोक्रॅट पक्षाचा बालेकिल्ला, त्यामुळे नोव्हेंबरमध्ये काय होणार ते त्याच रात्री जवळजवळ ठरून गेलं होतं.