कॉप्टिक अंगरख्यांवरचे पट्टे: भरतकाम नव्हे, विणकाम

इजिप्तमधल्या कॉप्टिक अंगरख्यांवर खांद्यांपासून खाली उतरणारे जांभळे पट्टे पाहिले की अनेकांना ते भरतकाम वाटतं. इ.स. ३ऱ्या ते ७व्या शतकांतले हे पट्टे बहुतेक वेळा कापडासोबत मागावरच विणलेले आहेत, आणि पुरावा कापडातच आहे. पट्टा सुरू होतो तिथे लिननचा पांढरा बाणा (आडवा धागा) थांबतो, उभे धागे दोन-दोन, तीन-तीन असे एकत्र येतात आणि त्यांच्यावर रंगीत लोकर दाबून बसवलेली दिसते. लोकर झिजली की खाली नुसते उभे धागे उरतात. भरतकाम असतं तर मागे अख्खं कापड उरलं असतं. आपल्या पैठणीचा पदरही याच जातीच्या विणकामाचा.

काही पट्टे शिवलेले सापडतात, त्यांचं काय? तेही आधी मागावर विणलेले, मग कडा दुमडून दुसऱ्या कपड्यावर टाचलेले. आणि जांभळ्यावरच्या बारीक पांढऱ्या रेषा तरी सुईच्या असतील? त्याही बहुधा विणतानाच लिननचा जादा धागा फिरवून काढलेल्या. जुन्या संग्राहकांनी साधं कापड फेकून नक्षीच तेवढी कापून घेतली, म्हणून हा गैरसमज टिकला. संग्रहालयात असा तुकडा दिसला, तर नक्षीआधी झिजलेली जागा बघा.