खाजेची गोळी घेतलीत? मग मळणीयंत्राला हात लावू नका

दसरा सरला की चंदनसारपासून पार पारोळ-भाताण्यापर्यंत भातकापणीची धांदल उडते. कापणी, बांधणी, मग खळ्यावर झोडणी. तुसाची धूळ उडते आणि शिंका सुरू होतात. कोणाचे डोळे लाल, कोणाच्या अंगाला खाज. मग विरारच्या औषध दुकानातून ‘एक खाजेची गोळी द्या’ म्हणून गोळी आणायची, घोटभर पाण्याबरोबर घ्यायची आणि परत कामाला लागायचं. शेतकरी बंधूंनो, घात होतो तो इथेच.

गोळी करते काय?

धूळ, फुलांचे पराग, गांधीलमाशीचे विष यांपैकी एखादी गोष्ट काहींच्या अंगाला सोसत नाही. अशा वेळी शरीरात हिस्टामिन नावाचा पदार्थ सुटतो. त्याने नाक गळते, डोळे चुरचुरतात, अंगावर पित्ताच्या गांधी उठतात. गोळी या हिस्टामिनची वाट अडवते, एवढेच. ॲलर्जी मुळापासून जात नाही. गोळीचा अंमल उतरला आणि तुम्ही धुळीतच असलात, तर शिंका पुन्हा सुरू. म्हणून पहिला उपाय साधा आहे. नाकातोंडाला फडके बांधा, वाऱ्याकडे पाठ करून झोडा, घरी आल्याबरोबर आंघोळ करून कपडे बदला.

झापड येते, हात जातो

क्लोरफेनिरामाईन, म्हणजे ‘सीपीएम’, ही जुनी आणि स्वस्त गोळी. गुण येतो, पण झापडही येते. रात्री घेतली तर काहींना सकाळीही डोके जड वाटते. झोप आली नाही असे वाटले तरी हात नेहमीच्या चपळाईने हलत नाही. मळणीयंत्रात पेंढी सारताना एवढी ढिलाई पुरते. चंदनसार रस्त्याने महामार्गावर मोटारसायकल काढणाऱ्यालाही हाच धोका. सेट्रिझिनने झापड कमी येते, पण काहींना येतेच. लोराटाडीन, फेक्सोफेनाडीनने त्याहून कमी. तेव्हा डॉक्टरांना आधीच सांगा, ‘मी यंत्रावर काम करतो, गाडी चालवतो.’ आणि गोळी घेतलीत त्या दिवशी दारू नको, ताडीही नको.

हे आधी तपासा

काचबिंदू असेल, लघवी अडत असेल, मूत्रपिंडाचा आजार असेल, बाई गरोदर असेल किंवा अंगावर पाजत असेल, तर विचारल्याशिवाय गोळी घेऊ नये. सर्दीच्या तयार गोळीत बहुधा हेच औषध आधीच घातलेले असते. ती घेऊन वर पुन्हा खाजेची गोळी घेतली, तर मात्रा दुप्पट होते. मोठ्यांची गोळी अर्धी करून पोराला देणे तर अजिबात नको. क्लोरफेनिरामाईन आणि फिनाईलेफ्रिन एकत्र असलेले सर्दीचे औषध चार वर्षांखालील मुलांना देऊ नये, असे केंद्रीय औषध नियंत्रकांनी डिसेंबर २०२३ मध्ये बजावले आहे.

कागदाच्या पुडीत बांधून दिलेल्या सुट्या गोळ्यांचे नाव विचारून घ्या. त्यात स्टेरॉईड असेल तर चटकन आराम पडतो, पण मनाने ती रोज घेत राहिल्यास साखर वाढते, चेहरा सुजतो.

प्रत्येक खाज ॲलर्जीची नसते

गाजरगवत उपटून हात-मान फुटली, तर नुसत्या गोळीने भागत नाही. हातमोजे घालणे आणि डॉक्टरांना कातडी दाखवणे हाच मार्ग. फवारणीनंतर डोळ्यांतून पाणी, तोंडाला लाळ, मळमळ, चक्कर असे झाले, तर ती विषबाधा समजा. कपडे काढा, अंग साबणाने धुवा आणि औषधाच्या डब्यासह दवाखाना गाठा. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी आणि शेतमजूर दगावले, हे विसरू नका.

श्वास अडला की गोळी नाही, गाडी!

गांधीलमाशी चावली, नवे औषध घेतले किंवा काही खाल्ले, आणि थोड्याच वेळात ओठ-जीभ सुजली, आवाज घोगरा झाला, दम लागला, घेरी आली, तर गोळीचा गुण येईतो थांबू नका. त्या वेळी जीव वाचवते ते ॲड्रेनॅलिनचे इंजेक्शन, आणि ते मिनिटांत मिळायला हवे. १०८ ला फोन करा. माणसाला चालवू नका. आडवे निजवून पाय उंच करा. दम लागला असेल तर बसू द्या.

सरपंच, ग्रामपंचायत अधिकारी आणि आशाताईंनी झोडणीआधी एवढे जरूर करावे. जवळच्या आरोग्य केंद्रात हे इंजेक्शन शिल्लक आहे का, रात्री ते देणारे कोण असते, गावातली कोणती गाडी केव्हाही निघू शकते, हे विचारून फळ्यावर लिहून ठेवावे.

मंडळी, गोळी वाईट नाही. पण ती घ्यायची तर काम उरकून, घरी, निजायच्या वेळी, आणि नाव माहीत करून. भात एक दिवस उशिरा झोडले तरी चालते. गेलेला हात परत येत नाही.