टायमिंगच्या खुणा जुळल्या, मग झालं का काम? (एपिसोडचं लिखित रूप)

काय मंडळी, लावले हेडफोन? बऱ्याच जणांनी विचारलं होतं की इंजिन बांधताना कॅमचं टायमिंग चेक करतात म्हणजे नक्की काय करतात. मी पोटापाण्यासाठी कोड लिहितो, पण रविवारी मित्राच्या गॅरेजमध्ये हात काळे करतो. तर बोलूया.

आधी हिशोब. फोर-स्ट्रोक इंजिनात क्रँकचे दोन फेरे होतात तेव्हा कॅमचा एक. म्हणून कॅमच्या पुलीला दात दुप्पट. समजा क्रँकला २० आणि कॅमला ४०. बेल्ट एक दात चुकला की कॅम ९ अंश सरकला, क्रँकच्या मापात १८. किरकोळ वाटतं ना? पण बऱ्याच इंजिनांत उघडा वॉल्व्ह आणि वर येणारा पिस्टन एकच जागा वापरतात, फक्त वेगवेगळ्या वेळी. आमच्या भाषेत रेस कंडिशन! फरक इतकाच, की इथे क्रॅश झालं तर रीस्टार्ट नाही. वॉल्व्ह वाकतात, हेड परत उतरवावं लागतं, आणि बोअरिंग-पिस्टन-रिंगांवर नुकताच केलेला खर्च आपल्याकडे बघून हसतो.

पहिला पिस्टन टीडीसीला, म्हणजे अगदी वरच्या टोकाला आणायचा, खुणा जुळवायच्या, बेल्ट चढवायचा, टेन्शनर बसवायचा. इथवर सगळे व्हिडिओ दाखवतात. खरं चेकिंग यानंतर. स्पार्क प्लग काढा, क्रँकच्या बोल्टला पाना लावा आणि इंजिन फिरतं त्याच दिशेने हाताने दोन पूर्ण फेरे द्या. दोन का? एका फेऱ्यात क्रँकची खूण जागेवर येते, पण कॅम अर्ध्यावरच असतो. शिवाय बेल्टची ढील चुकीच्या बाजूला राहिली असेल तर फिरवताना ती टेन्शनरकडे जाते आणि खूण सरकलेली दिसते. मध्येच पाना कडक अडला तर जोर लावू नका, पिस्टन वॉल्व्हला टेकलेला असू शकतो. स्टार्टर मारून बघायचा मोह तर अजिबात नको.

चेनवाल्या इंजिनात एक गंमत आहे. बसवताना चेनच्या रंगीत कड्या खुणांवर येतात, पण दोन फेऱ्यांनंतर त्या सहसा तिथे परत येत नाहीत. घाबरू नका, फक्त स्प्रॉकेटच्या खुणा बघा. नीट बसलेली चेन या एका गैरसमजापायी उतरवणारे लोक मी पाहिलेत.

आता माझा आवडता भाग. रीबिल्डमध्ये हेड फेसिंगला जातं. पृष्ठभाग घासला की कॅम क्रँकच्या थोडा जवळ येतो. जास्तीची ढील टेन्शनर खातो, पण एकाच बाजूने, त्यामुळे कॅम किंचित मागे पडतो. खुणा जुळलेल्या वाटतात, तरी थोडा फरक राहतोच. तो मोजायला क्रँकवर डिग्री व्हील लावतात.

पण टीडीसी शोधणार कसा? टोकाजवळ पिस्टन जवळजवळ थांबलेलाच असतो, डोळ्याला काही कळत नाही. मग डायल गेज लावायचा. पिस्टन वर येताना टोकापासून १ मिमी खाली असेल तेव्हा अंश वाचा, पलीकडे १ मिमी उतरल्यावर पुन्हा वाचा. बरोबर मधला बिंदू टीडीसी. कॅमच्या लोबचा माथाही असाच सापडतो. तो आकडा मॅन्युअलशी ताडून बघा, आणि फरक असेल तर ॲडजस्टेबल पुलीने काढा.

रोजच्या गाडीचं हेड जरासंच घासलं असेल तर माझ्या मते एवढा खटाटोप नको. कॅमच बदलला असेल तर मात्र टाळू नका.

आणि हो, टायमिंग कव्हर लावण्याआधी खुणांचा एक फोटो काढून ठेवा. चला, भेटू पुढच्या एपिसोडला, टॅपेट क्लिअरन्स घेऊन.