ऐनाच्या पोटातले पाणी

ऐनाचे झाड तुम्ही सर्वांनी पाहिले असेल. आमच्या घरामागच्या रानात ऐन खूप आहेत. त्याची साल जाड व काळपट असते. तिला चौकोनी भेगा असतात, अगदी मगरीच्या पाठीसारखी.

गुरुजींनी एक बातमी सांगितली. मार्च २०२४ मध्ये आंध्र प्रदेशात पापिकोंडा येथील जंगलात वनखात्याच्या लोकांनी एका ऐनाची साल कापली, तर नळ सोडल्यासारखी पाण्याची धार लागली! ही गोष्ट त्यांना तिथल्या कोंडा रेड्डी आदिवासींनी सांगितली होती. ते लोक गोदावरीकाठच्या डोंगरात राहतात. आपल्या त्र्यंबकेश्वरला उगम पावते तीच ही गोदावरी.

ते ऐकून मी आणि माझा चुलतभाऊ कोयता घेऊन रानात गेलो. मी एका ऐनावर घाव घातला. पाण्याचा थेंबसुद्धा आला नाही. नुसती आतली लाल साल दिसली. आजोबा लई रागावले. म्हणाले, "अरे, सगळ्या ऐनांत असं पाणी नसतं. एखाद्या जुन्या, पोट फुगलेल्या ऐनात असतं. आता या जखमेत कीड शिरंल." मग आम्ही जखमेला शेणमाती लावली.

पण पाणी सगळ्याच झाडांच्या खोडात असते. म्हणून तर ओले सरपण जड लागते आणि वाळले की हलके होते. लाकडात केसाएवढ्या बारीक नळ्या असतात. त्यांतून पाणी पानांकडे जाते. पानांतून त्याची वाफ होते. आम्ही शाळेतल्या जास्वंदीच्या फांदीला प्लॅस्टिकची पिशवी बांधली होती. मधल्या सुट्टीत बघितले तर आत थेंबच थेंब!

सकाळी ऊन पडले की पाने पाणी ओढतात. मोठ्या झाडात मुळांचे पाणी वर पोचायला वेळ लागतो, म्हणून आधी खोडातले पाणी वापरले जाते. रात्री मुळे ते भरून काढतात. त्यामुळे खोड दिवसा किंचित बारीक होते व रात्री पुन्हा फुगते. ते डोळ्यांना दिसत नाही, यंत्राने मोजतात.

उन्हाळ्यात ऐन पाने गाळतो. पाने नाहीत तर पाण्याचा खर्च कमी. मग पाऊस पडायच्या आधीच त्याला नवी पालवी फुटते. मला वाटायचे, हिला पाणी कोण घालते? खोडात साठवलेले पाणी तेव्हा कामाला येते.

परवा शेजारच्या ऐनाला पालवी दिसली. मी घाव घातलेल्या ऐनाला अजून नाही. शाळेत येताजाता मी रोज वर बघतो.

– इयत्ता चौथी