पियानोला कंठ फुटतो तेव्हा

माहूरला रेणुकेच्या दर्शनाला आलेला पाहुणा आमच्याकडे चहाला टेकला, की हल्ली हमखास विचारतो, "हे काय लावलंय?" संबळाच्या गावात बाखचे नाव ऐकून त्याची मुद्रा मोठी पाहण्यासारखी होते!

या प्रकाराचे मूळ नांदेडच्या एका स्नेह्यांच्या कपाटात आहे. जुन्या तबकड्या जमवण्याचा त्यांना नाद. गेल्या दिवाळीत दोन लाँग-प्ले माझ्या हाती ठेवून ते म्हणाले, "प्राध्यापक, पियानोच्या चिजा गळ्यातून ऐका."

पहिली तबकडी सारा व्हॉन या अमेरिकन जाझ गायिकेची. तिच्यातले एक गाणे मुळात गाणे नव्हेच. देब्युसी या फ्रेंच संगीतकाराने १८९० मध्ये पियानोसाठी एक स्वप्नाळू रचना केली. १९३८ मध्ये लॅरी क्लिंटन या अमेरिकन वाद्यवृंदचालकाने तिच्यावर इंग्रजी शब्द बसवले. 'माय रेव्हरी' हे ते गाणे प्रथम बी वेन यांनी गाजवले आणि पुढे सारा व्हॉन यांनी आपल्या ढंगाने गायले. आपल्याला याचे नवल कशाला? १९११ च्या 'मानापमाना'त गोविंदराव टेंबे यांनी ठुमरी-दादऱ्याच्या चाली दिल्या आणि खाडिलकरांनी त्यांत मराठी शब्द बसवलेच की!

दुसरीने मात्र मी बुचकळ्यात पडलो. वॉर्ड स्विंगल या अमेरिकन संगीतकाराने १९६२ मध्ये पॅरिसला आठ गायक-गायिका एकत्र आणले. पुढच्याच वर्षी त्यांची 'जाझ सेबास्तियँ बाख' ही तबकडी निघाली. बाखने अठराव्या शतकातल्या कळवाद्यांसाठी लिहिलेल्या आणि आज पियानोचे विद्यार्थी गिरवतात त्या रचना तिच्यात आहेत. पियानोवर दहा बोटांनी पेलायचे ते इथे आठ गळ्यांत वाटून दिले आहे. स्वर बाखचेच, साथीला डबल बास आणि ड्रमचा झुलता ठेका. शब्द मात्र एकही नाही. 'दा-बा-दा' एवढेच! आपला तराणा आठवावा. परंतु मी पडलो मराठीचा मास्तर, शब्दांवर पोट भरणारा. मला ते पोरकट वाटले.

माझे मत बदलले ते वडिलांमुळे. गावच्या भजनी मंडळात त्यांनी आयुष्यभर पेटी वाजवली. दोन वर्षांपूर्वी अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला आणि वाचाही. मी रोज पुस्तक घेऊन त्यांच्याकडून एकेक शब्द म्हणवून घेऊ पाही. ते भिंतीकडे तोंड फिरवीत.

एका संध्याकाळी ती दुसरी तबकडी लागली होती. खाटेवरून आवाज आला, "दा... दा..." सूर हलत होता, लय मात्र पक्की होती. आई स्वयंपाकघरातून धावत आली. वाचा गेलेल्या माणसाला कधीकधी गाता येते, हे डॉक्टरांना ठाऊक असते. आम्हाला ठाऊक नव्हते, कारण आम्ही त्यांना फक्त बोलायलाच सांगत होतो.

दुसऱ्या दिवशी आईने पेटीवरची खोळ काढली. आता संध्याकाळी मी भाता मारतो आणि ते डाव्या हाताने पट्ट्या चाचपत 'दा-दा' करतात. शब्द अजून फुटलेला नाही. पण पुस्तक मी कपाटात ठेवून दिले आहे.