चालढकल म्हणावी कुणाला?

मराठीत उशिराला शब्दांचा तोटा नाही. गाडी चुकली की होतो तो नुसता ‘उशीर’. त्यात कुणाचा दोष असेलच असे नाही. फारसी ‘दिरंग’वरून आलेली ‘दिरंगाई’ दप्तरी थाटाची. काम रेंगाळले, एवढेच ती सांगते. ‘टाळाटाळ’ करणाऱ्याला काम करायचेच नसते, तर ‘आढेवेढे’ घेणाऱ्याला बहुधा आणखी आग्रह हवा असतो! ‘चालढकल’ या सगळ्यांहून वेगळी. काम आपलेच आहे हे ठाऊक असते, नाही म्हणायची सोय नसते, पण मन घेत नाही. मग आजचे उद्यावर, उद्याचे परवावर. मुलांचा गृहपाठ असो की दाताच्या डॉक्टरकडे जाणे, घरोघरी तिचा मुक्काम असतोच.

पण हा शब्द कुणाला लावतो, याचे भान हवे. यवतमाळ जिल्ह्यात, तेलंगणाच्या सीमेलगत झरी जामणी हा कापसाचा तालुका. जूनच्या पहिल्या आठवड्याअखेर मृग लागतो, एखादी सर येऊन जाते, तरी कोरडवाहू शेतकरी बियाण्याची पिशवी फोडत नाही. दुरून पाहणाऱ्याला ती चालढकल वाटेल. पण ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्यावरच पेरा, असे कृषी खातेच सांगते. घाई केली आणि पावसाने ओढ दिली, तर दुबार पेरणी, म्हणजे बियाण्याचा खर्च पुन्हा. चालढकलीत मन कामात नसते. याचे तर सगळे मन रानातच असते.

हाच शेतकरी एखाद्या कागदासाठी कचेरीत गेला आणि ‘पुढच्या आठवड्यात या’ हेच दरवेळी ऐकून परतला, तर? महाराष्ट्राच्या २००५ च्या कायद्यानुसार साधारणपणे कोणतीही फाईल एका कर्मचाऱ्याकडे कामकाजाच्या सात दिवसांहून जास्त पडून राहता कामा नये. कायद्याच्या नावात शब्द आहे ‘विलंब’; लोक त्याला ‘दप्तर दिरंगाई कायदा’ म्हणतात. शिस्तभंगाची कारवाई मात्र जाणूनबुजून केलेल्या विलंबासाठी किंवा हयगयीसाठी आहे. म्हणजे नाव न घेता कायद्याने चालढकलच पकडली आहे.

तेव्हा कुणाला चालढकल्या म्हणण्याआधी एवढे पाहावे: काम त्याच्या हातात आहे, की तोच कशाची तरी वाट पाहत उभा आहे?