वैमानिकाची मुलाखत आणि चित्ताची स्थिरता

विमान कंपनीच्या मुलाखतीत उमेदवारास पुष्कळदा असा प्रश्न केला जातो : "कॅप्टन चुकत आहे असे तुम्हास वाटले, तर काय कराल?" तो ऐकताच अनेकांचे चित्त विचलित होते. वरिष्ठांचा अवमान होईल ही भीती एकीकडे, दुबळेपणा दिसेल ही दुसरीकडे.

प्रश्नामागील कारण आपण जाणले, तर ही भीती ओसरते. २७ मार्च १९७७ रोजी तेनेरीफ बेटावरील धावपट्टीवर दोन बोइंग ७४७ विमानांची टक्कर होऊन ५८३ जण मृत्युमुखी पडले. समोरचे विमान धावपट्टीवरून दूर झाले आहे ना, अशी शंका केएलएमच्या फ्लाइट इंजिनिअरने विचारली होती. कॅप्टनने ती ठामपणे दूर सारली. ती पुन्हा नेटाने मांडली गेली नाही. अशी शंका शांतपणे दुसऱ्यांदा मांडू शकेल असा सहकारी परीक्षक शोधत असतात.

म्हणून आम्ही सुचवू की, उत्तराची घाई करू नये. एक श्वास घ्यावा, प्रश्नाचा रोख ओळखावा, मग क्रमाने सांगावे : प्रथम विचारणा, नंतर स्पष्ट इशारा, आणि तरीही धोका टळत नसल्यास कंपनीच्या नियमांनुसार नियंत्रण हाती घेणे. एखादी तांत्रिक बाब ठाऊक नसल्यास "हे मला पुस्तिकेत पाहावे लागेल" असे सांगण्यात कमीपणा नाही. कॉकपिटमध्ये अंदाजाने दिलेले उत्तर प्राणघातक ठरू शकते.

ही स्थिरता ऐनवेळी लाभत नाही. एखाद्या परखड मित्राकडून असे प्रश्न वारंवार विचारून घ्यावेत व मोठ्याने उत्तरे द्यावीत.